घोड्यानंतर कोणी मेलं नाही

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या सुमारास चिंचवड गावातल्या वाचनालयात दोन कपाटं होती, तीनशे अकरा पुस्तकं होती आणि सभासदांची मतं मात्र मोजण्यापलीकडं होती. ती कपाटात मावत नसल्यामुळं दर रविवारी दुपारी मंडळी जमत आणि एकमेकांच्या अंगावर ओतून मोकळी होत. या कार्यक्रमाला 'आवडलेलं पुस्तक' असं सोज्वळ नाव होतं. वाचनालयाकडं घड्याळ नव्हतं, पण ग्रंथपाल आबाजींचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. बोलणारा उभा राहिला की आबाजी उदबत्ती लावत. ती विझली की बोलणाऱ्यानं, वाक्य अर्धं तोंडात असलं तरी, खाली बसायचं.

सोपानराव वर्षभर दाराजवळच्या सतरंजीच्या टोकाला बसून ऐकत होते. गडी मूळचा आकुर्डीचा. पिंपरीच्या ज्या माळावर त्यांनी वीस वर्षं बाजरी काढली, तिथं आता औषधाचा कारखाना उभा होता आणि सोपानराव त्याच मातीत सरकारी पगारावर गुलाब लावत होते. बाजरी खाता यायची, गुलाबाकडं साहेब लोक नुसते बघत, एवढाच फरक. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते साक्षरतेच्या वर्गात जाऊन 'ग म भ न' शिकले. मास्तरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाले होते, "एक पुस्तक हुडकायचं हाय."

कुठलं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. श्रावणातल्या एका रविवारी मात्र बोलायला कोणीच पुढं येईना, तेव्हा दाराजवळून आवाज आला.

"आमी वाचलेलं न्हाई, ऐकलेलं हाय. चालंल का?"

"नियमात 'वाचलेलं' असं आहे," ज्योतीराम म्हणाला. हा कारखान्यात फिटर. कऱ्हाडकडून आलेला, आणि मशीनचा नट जसा पिळून बघायचा तसंच दुसऱ्याचं वाक्य. कोणी काही सांगितलं की "पृष्ठ क्रमांक?" असं विचारायची त्याला खोड होती. त्याच्या भीतीनं दोन सभासद पोथ्यांकडं वळले होते.

"कीर्तन ऐकणाऱ्याला पुण्य लागतं ना, ज्योतीराम?" मुलींच्या शाळेच्या सुमनताई म्हणाल्या. "मग पुस्तक ऐकणाऱ्यानं काय पाप केलं? बोला हो तुम्ही."

आबाजींनी उदबत्ती लावली. सोपानराव उभे राहिले आणि हात कुठं ठेवायचे ते न कळून त्यांनी ते मागं बांधले.

"आमची मंडळी, मंजुळा. तळेगावच्या मास्तराची लेक, चौथी शिकल्याली. तिनं म्हायेरासनं एक पुस्तक वाचायला आणलं व्हतं. पुट्ठा न्हाई, पयली आठ पानं न्हाईत, म्हनून नाव म्हाईत न्हाई. दुपारचं मी जांभळीखाली चऱ्हाट वळायचो अन् ती वाचायची. अकरा दिवस चाललं."

पुस्तकात एक शिलेदार होता, पाखऱ्या नावाच्या घोड्यावर बसून मोहिमेवर गेलेला. घरी त्याची बायको, सासू, आणि बरंच पुढं येणारी शेजारची भागूअक्का. ही भागूअक्का म्हणजे कडक काम. सासूचं तोंड सुटलं की म्हणायची, "या तोंडाला कुलूप घालणारा देव कुठल्या गावी असतो ते सांगा, मी अनवाणी चालत जाते." चौथ्या दिवशी पाखऱ्या मेला. सोपानरावांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. मंजुळा म्हणाली, "अवो, घोडा मेलाय, तुमी न्हाई. जेवा." तरी नाही खाल्ली.

इथं उदबत्ती विझली. सोपानराव नियमाप्रमाणं बसायला लागले, तर ज्योतीरामच ओरडला, "आबाजी, दुसरी लावा! काय उदबत्त्यांचा दुष्काळ पडलाय काय?"

दुसरीवर शिलेदाराची सात वर्षं गेली. तिसरीवर तो परत आला. दाराला आतून कडी. त्यानं कडी वाजवली. आतून बायको म्हणाली, "कोण?" तो म्हणाला, "मी." तर ती म्हणते, "मी नावाची माणसं गावात पुष्कळ आहेत. सात वर्षांपूर्वी एक मी गेला, त्याला जाता जाता एक घागर पाणी आणून दे म्हटलं होतं. घागर कुठं आहे?" मग तो अंगावरच्या धुळीसकट नदीवर गेला, घागर भरून आणली, तेव्हा कुठं दार उघडलं.

"झालं," सोपानराव म्हणाले. "मंजुळाला जाऊन बारा वर्सं झाली. पुस्तक ज्याचं त्याला आधीच परत गेलं व्हतं. मला ते एकडाव सवता वाचायचं हाय." आणि खाली बसले.

  मग ज्योतीराम खाकरून म्हणाला, "हे पुस्तक मी काढतो शोधून. नाव नसेना का. घोडा आहे ना!"

पुढचे तीन रविवार तो सभेला आला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात तो एकेक जुनी कादंबरी उघडून पाखऱ्याला शोधत होता. चौथ्या रविवारी आला तो काखेत पुस्तक मारून. 'शिलेदाराची सून'. लेखकाच्या नावाच्या जागी 'एक पदवीधर' एवढंच छापलेलं. त्या काळी तेवढं पुरत असे.

"एक्याण्णव पानावर घोडा दिसला आणि मिटलं," तो म्हणाला. "पहिला मान सोपानरावांचा. मग ताई, मग आबाजी, शेवटी मी." पुस्तक त्यानं वाचनालयाला देऊन टाकलं, आबाजींनी त्यावर तीनशे बारा आकडा घातला, आणि सोपानरावांनी ते दोन्ही हातांत असं घेतलं की जणू कोणी तान्हं मूल दिलं आहे आणि मान सावरायची आहे.

दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या कुंपणाशी, मेंदीच्या आडोशाला बसून ते वाचू लागले. एकेका ओळीवरून बोट सरके. एक्याण्णव पानापर्यंत पोचायला आठ दिवस लागले. घोड्याच्या मरणाचं पान आलं आणि त्यांचं बोट थांबलं. शब्द न् शब्द तोच. 'पाखऱ्याने एकवार मान उचलली, धन्याकडे पाहिले.' इथं मंजुळा थांबली होती. पदरानं नाक पुसलं होतं. मग पुढचं वाक्य भरभर वाचून टाकलं होतं. सोपानरावांनी ते पान तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी पुढं गेले.

पुढं शिलेदाराचा भाऊ मेला.

सोपानरावांना वाटलं, आपण दोन पानं एकदम उलटली. मागं जाऊन बघितलं. भाऊ मेलाच होता. बाराव्या प्रकरणात सासू मेली, चौदाव्यात कारभारी. एका आडदांड प्रकरणात तर एकदम तिघं गेले. पदवीधराचा हात एकदा मोकळा झाल्यावर त्याला कोणी आवरलेलं दिसत नव्हतं. भागूअक्काचा पत्ताच नव्हता. सगळं पुस्तक चाळल्यावर एका पानावर 'शेजारणीपाजारणी हळहळल्या' एवढं वाक्य सापडलं. त्या एका वाक्यातून मंजुळानं आख्खी बाई उभी केली होती. शेवटी शिलेदार आला तेव्हा दार उघडंच होतं. बायको तीन दिवसांपूर्वी तापानं गेली होती. मग तो बैरागी झाला, आणि उरलेल्या चार पानांत लेखकानं तरुण स्त्रियांना सहनशीलतेचा उपदेश केला होता.

सोपानरावांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. घोड्यानंतर छापील पुस्तकात सात माणसं मेली होती. जांभळीखालच्या पुस्तकात एकही नाही. एका दुपारी नवऱ्यानं भाकरी टाकली, तर पुढचे सात दिवस ती बाई पुस्तकातल्या ओळींवर बोट फिरवत तोंडानं दुसरंच वाचत होती. सात जणांचे जीव वाचवले तिनं, आणि याला पत्ता नाही. हा चऱ्हाट वळत होता.

तिला वाचवायला कोणी नव्हतं. सोपानराव बैलाची जोडी बघायला जुन्नरला गेले होते. तीन दिवसांनी परत आले तर दार उघडं होतं. छातीचा ताप. त्या तापावरचं औषध आता, ते बसले होते तिथून शंभर पावलांवर, बाटल्यांत भरलं जात होतं. त्या तीन दिवसांत ती काय बोलली, आपलं नाव घेतलं का, हे त्यांनी शेजारच्या बायांना कधी विचारलं नव्हतं. आधी धीर झाला नाही. पुढं त्या बायाही राहिल्या नाहीत.

आणि आता हे पुस्तक सुमनताईंच्या हातात जाणार. त्या बाई म्हणजे गावातला खऱ्याचा तराजू; सख्ख्या भाचीला गणितात एका मार्कासाठी नापास केलेल्या. त्या सभेत उभ्या राहून सांगणार, असं काही पुस्तकात नाही. मग ज्योतीराम पृष्ठ क्रमांक मागणार. आणि मंजुळा, जिला गावानं जिवंतपणी कधी खोटी म्हटलं नाही, ती मेल्यावर बारा वर्षांनी खोटी ठरणार.

सोपानरावांनी पुस्तक दाबून ठेवलं.

"अक्षर बारीक हाय," पहिल्या रविवारी ते म्हणाले. दुसऱ्या रविवारी चष्मा फुटला. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "गुलाबावर कीड पडलीया."

"गुलाबाच्या किडीचा आणि पुस्तकाचा संबंध काय, सोपानराव?" आबाजींनी विचारलं.

"मन लागत न्हाई."

सहाव्या आठवड्यात ते पुस्तक घेऊन पवनेच्या घाटावर गेले. पाण्याला ओढ चांगली होती, आसपास कोणी नव्हतं. पुस्तक एकदा हातात तोललं. मग एक्याण्णव पान उघडून पुन्हा वाचलं, आणि तिथंच घोटाळा झाला. सात खून करणारा तोच पदवीधर, पण या पानापुरता तो आणि मंजुळा एकच बोलत होते. पुस्तक बुडवलं तर ते पानही बुडणार होतं. रविवारी त्यांनी ते मुकाट्यानं सुमनताईंच्या हातात ठेवलं आणि पंधरा दिवस त्यांना धड झोप आली नाही.

सुमनताईंची पाळी आली. उदबत्ती पेटली. सोपानराव सतरंजीचा दोरा उपसत बसले.

"'शिलेदाराची सून' वाचली," सुमनताई म्हणाल्या. "सोपानरावांनी सांगितलं तसंच आहे."

सोपानरावांच्या हातातला दोरा तुटला.

"घागरीचं पण?" कोणीतरी विचारलं.

"घागरीचं पण."

"पृष्ठ क्रमांक?" ज्योतीराम.

"दोनशे चौदा," सुमनताई म्हणाल्या. तीस वर्षं मुलींना खरं बोलायला शिकवलेली ती बाई पापणी न लववता उभी होती. "आणि ज्योतीराम, प्रत्येक गोष्टीला पृष्ठ क्रमांक विचारू नये. वाईट सवय आहे."

मग आबाजींनी वाचलं. त्यांनी आपल्या पाळीला पुस्तक तोंडभरून वाखाणलं आणि भागूअक्काच्या तोंडची दोन वाक्यं सांगितली. ती ना छापील पुस्तकात होती ना मंजुळाच्या. एक तर थेट आबाजींच्या बायकोचं होतं, शेजारच्या चार घरांनी ते ऐकलेलं होतं. जे वाचनालय एका विशेषणावरून दोन तट पडून महिनाभर बोलत नसे, ते खोटं बोलायला असं एकमतानं उभं राहिलेलं सोपानराव दाराजवळून बघत होते. आता ते दोरा उपसत नव्हते. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते. पुस्तकातलं खरं काय ते आता वाचलेल्यांना ठाऊक होतं, आणि ते मान खाली घालून ऐकायची वेळ कोणी त्यांच्यावर आणत नव्हतं.

राहिला ज्योतीराम.

तो आला तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून. पुस्तक हातात होतं, पण त्यानं ते उघडलं नाही.

"सोपानराव एक प्रसंग सांगायचा विसरले," तो म्हणाला.

 आबाजींच्या हातातली काडी पेटायची राहिली.

"दार उघडल्यानंतरचा. दुसऱ्या दिवशी शिलेदार भागूअक्काकडं जातो. म्हणतो, अक्का, मी नव्हतो तेव्हा ती काय म्हणायची?"

सोपानराव ताठ झाले.

"अक्का म्हणते, काय म्हणणार? शिव्या द्यायची. रोज दिवेलागणीला तुझ्या नावानं एक शिवी, चुकायची नाही. एखाद्या दिवशी कामात राहून गेली तर ताटावरून उठून यायची माझ्याकडं. म्हणायची, अक्का, आज त्यांना शिवी द्यायची राहिली, घास उतरेना. मग आम्ही दोघी मिळून द्यायचो, आणि ती जाऊन जेवायची." ज्योतीरामनं घाम पुसला. नट पिळणाऱ्या माणसाला हे काम अवघड जात होतं. "एवढंच."

कोणी पृष्ठ क्रमांक विचारला नाही.

सोपानराव उठले. दाराजवळची जागा सोडून, चपला आणि माणसं ओलांडत ते पुढं आले आणि ज्योतीरामच्या पायाशी, अगदी पहिल्या ओळीत बसले. डोळे भरले होते, ते पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"अजून काय म्हनायची?" त्यांनी विचारलं.

ज्योतीरामनं सुमनताईंकडं पाहिलं. ताई छताकडं बघत होत्या. त्यानं आबाजींकडं पाहिलं, डोळ्यांनीच विनवलं, की वेळ झाली म्हणा, सुटका करा. आबाजींनी उदबत्तीचा पुडा उलटा करून झटकला. एकच उदबत्ती निघाली. ती त्यांनी लावली.