नाव न घेता

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी राजकुमार शिरसाट धाड गावातल्या घरातून निघाले. बुलढाण्याला तपासणीचा रिपोर्ट आणायला जातो, असं बायकोला, पुष्पाबाईंना, म्हणाले. मोबाईल घरीच ठेवला.

रिपोर्ट आणायचा राहिलेला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वीच तो पुष्पाबाईंनी आणला होता: यकृताचा कॅन्सर. नवऱ्याला त्यांनी कावीळ सांगितली. राजकुमार यांचे वडील त्याच आजाराने दवाखान्यातच वारले होते. आपल्याला तसं झालं तर घरातून निघून जाईन, असं ते तेव्हापासून म्हणत.

खरं काय ते पुष्पाबाईंनी एकाच माणसाला सांगितलं. रेणुका तायडे या बुलढाण्याच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, सांत्वन सेविका. पन्नास तासांचं प्रशिक्षण झालेल्या. दर शनिवारी येत, ऐकत, प्रार्थना करून जात. ऐकलेलं बाहेर काढायचं नाही आणि प्रार्थनेसाठी विषय द्यायचा तर नावाशिवाय, हे त्यांचे नियम. रविवारी त्यांनी चिठ्ठी दिली: ‘धाडचा एक भाऊ, यकृताचा कॅन्सर.’ ती उपासनेत वाचली गेली. शिरसाटांच्या घरचं त्या दिवशी कोणी आलेलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी मंडळीतले वयस्कर प्रसेनजित यांनी राजकुमार यांना फोन केला. “कॅन्सर असला म्हणून काय झालं? आम्ही सगळे गुडघ्यावर हाओत तुह्यासाठी.” राजकुमार यांनी आभार मानले. घरात कोणाला काही बोलले नाहीत. हा फोन झाल्याचं पुष्पाबाईंना कळलं ते मंगळवारी, ते निघून गेल्यावर, प्रसेनजित यांचा पुन्हा फोन आला तेव्हा.

दुपारी रेणुका धाडला पोचल्या.

“आता काऊन आली?” पुष्पाबाई म्हणाल्या. “चिठ्ठी लिहाची राह्यली का अजून?”

“काकू, मी नाव नाही घेतलं.”

“धाडात मंडळीचं दुसरं घर दाखव मले. एक दाखव.”

रेणुकांनी मान हलवली. समोरचा माणूस चिडला तर स्वतःची बाजू मांडायची नाही, हेही प्रशिक्षणातलंच.

“पन्नास तासांत हेच शिकवलं तुमाले? आमी बोलाचं, तुमी मान हालवाची?”

“प्रार्थना करू का, काकू?”

“करजो. पन मनातल्या मनात कर. कोनाले आयकू जाऊ देऊ नको.”

तीन वाजता दोघींनी मिळून बेपत्ता झाल्याची नोंद केली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, असं हवालदाराने विचारलं. पुष्पाबाईंनी रेणुकांकडे पाहिलं. “आजार लिहा,” रेणुका म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी जीपवाल्या फहीमने राजकुमार यांना बुलढाण्याच्या स्टँडवर सोडलं होतं. वाटेत ते नेहमीसारखं बोलत होते, त्याच्या हॉर्नला नावं ठेवत होते.

बुधवारी मलकापूर गाडीच्या कंडक्टरने फोटो ओळखला. तिकीट मलकापूरचं होतं, पण हा माणूस आधीच, मोताळ्याला उतरला. सोबत पिशवी नव्हती. त्यानंतर त्यांना पाहिलेलं कोणी गुरुवारी दुपारपर्यंत पुढे आलेलं नाही.