येताना घेतो

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माणसाने अंगाला घट्ट चिकटणारे काळे कपडे घालून भर पावसात समुद्रात का उतरावं, हे दिनानाथ म्हात्रेच्या बायकोला तीन वर्षांत उमगलं नव्हतं. पेणला स्वतःचे ट्रक, ऑफिसात एसी, गुडघ्यातलं वंगण संपलेलं, आणि यांना आधी दोन किलोमीटर पोहायचंय, मग नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस किलोमीटर पळायचंय. तेही साडेआठ तासांच्या आत. गेल्या वर्षी सात मिनिटांनी वेळ हुकली, तर स्वारी दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. यंदा डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे समोर धरून सांगितलं होतं, ही शेवटची. म्हणजे मेडल मिळायचं तर आज, नाहीतर कधीच नाही.

आणि नेमका आजचाच दिवस आभाळाने साधला. डिसेंबरात पाऊस यायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सकाळी सात वाजता दिवेलागणीची वेळ असावी तसा उजेड होता. शर्यत रद्द होणार अशी कुजबुज झाली, पण रद्द झाली नाही. पंच म्हणून आलेल्या बाईंनी भोंगा तोंडाला लावून नियम पुन्हा एकदा बजावले. सगळ्यात कडक नियम एकच. वाटेत खायला-प्यायला फक्त आयोजकांच्या टेबलावर मिळेल. बाहेरच्या माणसाकडून पाण्याचा घोट जरी घेतला, तरी स्पर्धक बाद.

पोहण्याची दिनानाथला भीती नव्हती. पुण्या-मुंबईची पोरं निळ्याशार तलावात शिकलेली, लाट तोंडावर बसली की बावरायची. दोघांना तर होडीत ओढून घ्यावं लागलं. हा मात्र खाडीत शिकलेला, डोकं वर काढून, बैल पोहतो तसा पोहत राहिला आणि वेळेत बाहेर आला. सायकलने मात्र त्याचा जीव काढला. रोह्यापुढून माघारी वळल्यावर वारा समोरून आला, चिखलात एकदा चाक घसरलं, कोपर सोलवटलं. रेवदंड्याला परत येऊन बूट बदलले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. साडेतीनला वेळ संपणार. हिशेब जुळत होता, पण फार सढळ नव्हता.

पळायला लागल्यावर पहिल्याच टेबलावर एका मुलीने त्याच्या हातावर मिठाची गोळी ठेवली. घामातून गेलेलं मीठ भरून काढायला म्हणे. दिनानाथला हसू फुटलं. मिठागरावर जन्मलेला माणूस, आणि मीठ गोळीतून खातोय!

त्यात हा रस्ता धाकट्या खारीवरून जाणार होता, आणि धाकटी खार म्हणजे त्याचं गाव. चार किलोमीटरवर जाताना एकदा लागणार, सतराव्यावर येताना पुन्हा. त्या गावात तो अकरा वर्षं गेला नव्हता.

गावात आता त्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, जनी आत्या. बापाची थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला म्हणून माहेरी आली आणि भावांच्या बरोबरीने मिठागरावर उभी राहिली. आई दिवसभर टोपल्या वाहायची, त्यामुळे दिनानाथला न्हाऊ-माखू घातलं ते आत्यानेच. दुपारी बांधावरून ती पेजेचा टोप डोक्यावर घेऊन यायची. उनउन पेज आणि भाजलेला बोंबील. ती आधी याला वाढायची, मग बाकीच्यांना. "पोर वारतंय," वाढतं अंग आहे, एवढंच तिचं कारण. असाच एकदा अवकाळी पाऊस आला होता. मिठाच्या राशी विरघळायच्या आत झाकायच्या म्हणून सगळा गाव पेंढा घेऊन धावत सुटला होता, आणि सात वर्षांचा दिनानाथ आपल्याहून मोठा भारा कवटाळून सगळ्यांच्या पुढे. "माजा दिना बग कसा पलतंय!" आत्या ओरडली होती. पुढे आयुष्यात त्याला टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण तेवढं बरं त्याला कशानेच वाटलं नाही.

तेच मिठागर त्याने विकलं. बाप गेल्यावर कंपनीची माणसं आली, त्याने सही करून टाकली, आणि आत्याला सांगायचं ठेवलं नंतर. तिला कळलं ते भराव टाकणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा. त्यातल्या दोन गाड्या दिनानाथच्याच होत्या. ती रडली नाही की भांडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "आगर इकलास ना? मंग आता माज्या चुलीवरची पेज तुला न्हाय." बाई शब्दाची पक्की. त्यानंतर तिने ना त्याच्या घरच्या लग्नाकार्याला पाऊल टाकलं, ना कधी निरोप धाडला.

आणि आता गावाच्या वळणावर, गुलमोहराखाली, ती उभी होती.

आधी त्याला ओळखूच येईना. पाठ वाकलेली, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, त्यावरून पाणी ओघळतंय. हातात फडक्यात धरलेला टोप. पाऊस आत जाऊ नये म्हणून तिने झाकणावर तळहात दाबून धरला होता. तो टोप म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दिना," ती म्हणाली, "पेज हाय. घे."

मागून पंचांची मोटरसायकल येत होती. तिचा आवाज त्याने ऐकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, येताना घेतो!" हात जोडले, पाय थांबवले नाहीत.

पुढचे तेरा किलोमीटर त्याचे कसे गेले, ते त्याचं त्याला माहीत. गुडघा ठणकत होता, बुटात पाणी पचपचत होतं, पण खरी ठसठस दुसरीच होती. येताना घेतो. हे वाक्य तो आत्याला आज पहिल्यांदा बोलला नव्हता. पहिला ट्रक घेतला तेव्हाही ती रस्त्यावर यायची, आणि हा खिडकीतून म्हणायचा, येताना थांबतो. येताना उशीर झालेला असायचा, भाडं असायचं, झोप असायची. मग सहीच्या वेळी, आत्याला नंतर सांगतो. आयुष्यभर त्याने त्या बाईला 'नंतर'वरच ठेवलं होतं. शर्यत संपवून गाडीने येता येईल, पाऊण तासाचा तर प्रश्न, असं त्याने स्वतःला चारदा समजावलं. चारही वेळा त्याला ते बोलणं ट्रकच्या खिडकीतून ऐकू आलं.

सतराव्या किलोमीटरला वळण आलं. घड्याळात तीनला पाच कमी. चार किलोमीटर आणि पस्तीस मिनिटं. म्हणजे मेडल हातात होतं.

गुलमोहराखाली कुणी नव्हतं.

दिनानाथ थांबला. दिवसभरात पहिल्यांदाच थांबला. वळणावर वाट दाखवायला उभी असलेली मुलगी धावत आली. "काका, थांबू नका, वेळ आहे अजून! बरं नाही वाटत का?"

"इथे एक म्हातारी उभी होती," तो म्हणाला.

"त्या होय? पोरांनी यादीत तुमचं नाव वाचून दाखवलं म्हणे, दोन तास उभ्या होत्या. मी म्हटलं आजी, भिजताय, टेबलाजवळ या, तर ऐकेनात. आत्ताच गेल्या निघून."

दिनानाथने रस्त्याकडे पाहिलं. पुढे सरळ, काळा, ओला रस्ता. उजवीकडे गल्ली. मग तो खाली वाकला आणि घोट्यावरची वेळ मोजणारी पट्टी सोडून त्याने त्या मुलीच्या हातात दिली. "हे जमा करा. माझं नाव काढून टाका."

"अहो काका, चारच किलोमीटर राहिलेत!"

"हो ना," तो म्हणाला. तीन वर्षं पहाटे उठला होता तो या चार किलोमीटरसाठी.

गल्लीत चिखल होता. शंभर पावलांवर घर. तो काय काय बोलायचं ते जुळवत गेला. आत्या, चुकलं. आत्या, मार हवं तर. दार सताड उघडं होतं. आत धूर कोंडला होता, आणि ओल्या लुगड्यानिशी जनी आत्या चुलीपाशी बसून फुंकणीने जाळ करत होती. चुलीवर तोच टोप.

तिने मान वळवली. "आलास इतक्यात? मी आनतच व्हती." परत चुलीकडे वळून ती म्हणाली, "गार झाली रं ती. गार पेज काय द्यावाची पोराला? म्हनलं तू येस्तवर उनी करून आनावी."

दिनानाथ उंबऱ्यावरच बसला. म्हणजे ती रागावून गेलीच नव्हती. तो म्हणाला होता येताना घेतो, आणि अकरा वर्षांनंतरही तिने ते खरं धरलं होतं. बोलायचं जुळवलेलं सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. त्रेपन्न वर्षांचा ट्रकमालक चिखलाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागला. आत्याने त्याला रडू दिलं. मग पितळी पुढे सरकवली, पेज वाढली, बाजूला भाजलेला बोंबील ठेवला.

तो जेवायला लागला. गल्लीच्या तोंडाशी रस्त्याचा तुकडा दिसत होता. एक माणूस पावसात धापा टाकत गेला, मागून दुसरा.

"शर्यत सपली का तुजी?" तिने विचारलं.

"संपली, आत्या."

"मंग ती मानसं का पलतान अजून?"

दिनानाथने पितळी पुन्हा पुढे केली.

"त्यांना लांब जायचंय," तो म्हणाला.