सातव्या महिन्यातलं ऑपरेशन

“या महिन्यात माझ्या नातवाला सुरी लावू देणार नाही!” आजींनी बाळाला छातीशी घट्ट धरलं. “भुतं मोकळी सुटलीत. आठवा महिना लागू दे, मग काय ते चिरा.”

बाळाची आई ईचेन भिंतीकडे बघत होती. बाळाचे वडील जहाजावर. सही तिलाच करायची होती, पण ती सासूच्या शब्दाबाहेर नव्हती.

नर्स श्वेफनने स्टूल ओढलं. ताइनानच्या या वॉर्डातच तिने सगळी नोकरी काढली होती. चिनी पंचांगाचा सातवा महिना म्हणजे भुतांचा महिना; त्यात खाटा रिकाम्या पडत, हे तिला नवीन नव्हतं. तिची स्वतःची आई या महिन्यात दातसुद्धा काढून घेत नसे.

चार महिन्यांच्या बाळाच्या मेंदूत, जिथे पाणी तयार होतं त्या अस्तरावर, क्वचितच कुणाला होते अशी गाठ वाढली होती. कॅन्सरची नव्हती, पूर्ण निघाली की बहुधा परत येत नाही. पण तिच्यामुळे पाणी साठून डोकं मोठं होत चाललं होतं. ऑपरेशन लांबवलं तर दृष्टी जाईल, कदाचित जीवही.

“आजी, टाळू बघा किती ताणलीय.”

“मला शिकवू नकोस. पाच पोरं वाढवलीत मी.”

“मग तुम्हीच सांगा, आठव्या महिन्यापर्यंत निभेल?”

आजींनी टाळूवर बोटं ठेवली. बराच वेळ उचलली नाहीत.

“मरणार नाही ना गं?”

श्वेफनने लपवलं नाही. “गाठीत रक्त फार, आणि याच्या अंगात रक्त ते किती, दोन पेले. धोका आहे. पण या महिन्यात लोक घाबरून येत नाहीत, म्हणून उद्या डॉक्टर ल्येनकडे एवढं एकच ऑपरेशन आहे. मागे कुणाची घाई नाही.”

“म्हणजे भुतांनीच रांग मोकळी करून दिली म्हण की.”

“तसं म्हणा.”

आजींनी सुनेला कोपराने ढोसलं. “कर सही. बघत काय बसलीस?”

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर डॉक्टर ल्येन बाहेर आले. “गाठ पूर्ण निघाली. रक्त भरपूर द्यावं लागलं, पण गडी चिवट आहे.”

मागोमाग खाट आली. डोक्याला पांढरं बँडेज, ओठ किंचित हलत होते.

“आई, किती गोड दिसतोय—”

आजींनी सुनेच्या तोंडावर हात दाबला. “शी! काय ध्यान आहे!” त्या छताकडे बघत ओरडल्या. गालांवरून पाणी वाहत होतं. “असलं कुरूप पोर कोण नेणार?”

“कोणी नाही, आजी,” श्वेफनने तितक्याच मोठ्याने सांगितलं. “नाक तर बघा, कसलं चपटं!”

अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत दोघी आळीपाळीने त्याला नावं ठेवत गेल्या.