टाकीच्या माथ्यावर टाकीचे पाणी

शाळा बंद पडून कितीतरी वर्षे झाली, तरी तिच्या अंगणाला दर उन्हाळ्याअखेर चुना लागतच होता. मुले पलीकडच्या नव्या शाळेत गेली आणि वर्गांना कुलपे लागली. पण अंगणाखाली माजेल होती, पावसाचे पाणी साठवणारी दगडी कमानीची टाकी, आणि ते पाणी वस्तीतल्या बायकांना हवेच होते. जेर्बा बेटावरचे नळाचे पाणी जड आणि खारट. त्यात हरभरे तासन्‌तास उकळले तरी दगडच राहतात आणि चहा तोंडात धरवत नाही. म्हणून बायका पदरचा चुना आणून अंगण पांढरे ठेवत. उतारावरून वाहणारा पाऊस स्वच्छच टाकीत उतरायला हवा.

आता त्या शाळेचे संग्रहालय होत होते. एका वर्गात माग, एकात जुने रांजण आणि मासेमारीची जाळी, तिसऱ्यात मुलांचा अभ्यास आणि बायकांची बैठक. लग्ने आणि सभा अंगणात. हे सगळे अंगावर घेतले होते जाझियाने. याच शाळेत विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली होती.

नगरपालिकेचा अभियंता नझार पाहणीला आला. अंगणाच्या मधोमध एक तडा होता. त्याने तिथे टाच आपटली, कान देऊन ऐकले आणि तोंड वाकडे केले.

"लल्ला जाझिया," तो आदराने म्हणाला, "रागावू नका. उद्घाटनाला निम्मं बेट इथं उभं राहणार. खालची कमान खचली तर मी कुणाला तोंड दाखवू? वाळू भरू, वरून काँक्रीट ओतू. सोमवारी ट्रक येईल."

"म्हणजे माजेल बुजवायची?"

"बुजवायची, नाहीतर अंगण बंद ठेवायचं. आणि अंगण बंद, तर परवानगी नाही."

शेजारच्या म्हाताऱ्या मनूबियाने हे भिंतीपलीकडून ऐकले. "त्याच्या आईला विचार म्हणावं," ती म्हणाली, "तिच्या चहाला पाणी कुठलं असतं ते."

बायकांना वाटले, जाझिया आता भांडेल. ती भांडली नाही. तडा नुसत्या चुन्याला गेला आहे की थेट कमानीत उतरला आहे, हे तिला ठाऊक नव्हते. ते नझारलाही ठाऊक नव्हते. हट्टाने माजेल वाचवली आणि भर समारंभात मुलांसकट जमीन खाली गेली तर? हा विचार तिला जेवू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती नझारच्या कचेरीत गेली. "आधी वजन ठेवून बघू या," ती म्हणाली. "माणसं नकोत. पाणी ठेवू."

"एवढं पाणी आणणार कुठून?"

"टाकीत आहे की. पाहणीसाठी ती उपसावी लागणारच. ते पाणी फेकण्यापेक्षा तिच्याच माथ्यावर ठेवू."

नझार हसला. मग हसणे थांबवून त्याने पेन्सिल घेतली. हिशेब झाल्यावर म्हणाला, "गर्दीहून जास्तच भरेल. चालेल."

घराघरातून भांडी आली. मातीचे रांजण, निळी पिंपे, कपडे धुवायची घंगाळी. तेही पुरेना, तेव्हा दुसऱ्या वर्गातले तेलाचे थोरले रांजण बाहेर काढले.

"संग्रहालय उघडायच्या आधीच बाहेर आलं," म्हातारा कोळी ख्मैस म्हणाला.

"तोंड आवर आणि तू उचल," मनूबिया म्हणाली.

रिकामी भांडी एकेक करून मांडली आणि ओसरीवरून नळी टाकून भरली, म्हणजे भरल्या अंगणात कुणाला उतरावे लागू नये. त्याआधी जाझियाने शाळेच्या कपाटातून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या काढून तड्यावर आडव्या बसवल्या, दोन्ही टोकांना जिप्सम लावून. तडा केसभर रुंदावला तरी काच तुटणार. तिने सगळ्यांना बजावले, दोन दिवस अंगणात पाऊल टाकायचे नाही.

सकाळी ती ओसरीवर आली आणि जागीच थांबली. ओसरीजवळची काच तुटली होती.

आसपास कुणी नव्हते. तिच्या हातातल्या पिशवीत तशाच काचा आणखी होत्या. तिने पिशवीकडे एकदा पाहिले आणि नझारला फोन लावला. "काच तुटली," ती म्हणाली. पलीकडून एवढेच आले, "येतो."

तो आला, ओणवा झाला. भांडी मांडण्याआधीच त्याने तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्याने त्यांच्यातले अंतर मोजले, पुन्हा मोजले. ते होते तेवढेच होते. बोटाने जिप्समकडे दाखवले. जिप्सम एका बाजूने खरवडला होता, आणि चुन्यावर एक वाकडी गोल रेघ सावलीकडे गेली होती. रेघेच्या शेवटी तोंडाला निळे फडके बांधलेला रांजण उभा होता.

"हा कुणाचा?" नझारने विचारले.

"माझा," भिंतीपलीकडून उत्तर आले. "काल दुपारी फिरवत फिरवत सावलीत नेला. उन्हात पाणी तापलं असतं."

"खाला मनूबिया, ते पाणी प्यायचं नव्हतं. वजनाला ठेवलं होतं."

"मला कोण सांगतंय? पाणी ते पाणी. त्याचे हाल कशाला करायचे?"

"अंगणात उतरू नका म्हटलं होतं ना?"

"उतरले कुठं, कडेकडेनं गेले."

जाझिया पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नझार मात्र कामाला पक्का. त्याने नवी काच बसवून घेतली, आणखी दोन दिवस मागून घेतले आणि मनूबियालाच ओसरीवर राखणीला बसवले. तिने इतकी चोख राखण केली, की खुद्द नझारलाही काचांजवळ जायला तिची परवानगी मागावी लागली.

शेवटच्या दिवशी सगळ्या काचा धड होत्या. नझारने टाकीच्या तोंडाशी आरसा धरून ऊन आत सोडले. उजेडाचा तुकडा कमानीवरून सावकाश सरकत गेला. एकसंध दगड, कोरडा, कुठे नवी चीर नाही. तडा चुन्यापुरताच होता. जाझियाचा जीव भांड्यात पडला, आणि भांडी तर अंगणभर होती.

नझारने तिथूनच फोन केला. "वाळू नको. नाही, सोमवारी नको, कधीच नको."

मग पाणी माघारी ओतायला सुरुवात झाली. टाकीच्या तोंडावर पातळ कापड धरून वस्तीतल्या दोघी बायका बसल्या आणि रांजण एकेक करून रिकामे होऊ लागले. कुणाचे पिंप कुठले यावरून वाद सुरू झाले. पोरे ओल्या चुन्यावर घसरत होती, त्यांना कुणी अडवले नाही. जाझिया तड्यावर येऊन उभी राहिली. गेल्या काही दिवसांत ती इथून नेहमी वळसा घालून जायची. तळव्यांखाली काहीच हलत नव्हते. ती तशीच उभी राहिली.

"जाझिया, बाई, वाटेतून हो ना जरा," मागून मनूबिया रांजण फिरवत आणत होती. "जड आहे हा."

जाझिया बाजूला झाली.