धाकट्याच्या पाठीवरचा गज

डोळे मिटून बसायचं आणि पाठ दुसऱ्याच्या हवाली करायची, तर तुम्ही कोणावर भरवसा ठेवाल, सांगा बघू? सख्ख्या भावावर? मग जरा टेका आणि माझं ऐका.

मी कापडाच्या दुकानातला लाकडी गज बोलतोय. तीन फूट लांब, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. सुताराने रंधा मारून मला इतकं सरळ केलं की काचेवर ठेवलं तरी खालून उजेड दिसेना. पण नुसतं सरळ असून भागत नाही. हात कोणाचा, त्यावर सगळं.

माझे मालक शेठ. जीभ अशी गोड की रुमालाला आलेलं गिऱ्हाईक पडद्यांचं कापड घेऊन जाई. मापताना ते अंगठ्याने कापड असं ताणत की दर गजामागे दोन बोटं दुकानातच राहत. घरी गेल्यावर कापड आखडे आणि गिऱ्हाईक बिचाऱ्या शिंप्याला शिव्या घाली. शेठचा धाकटा भाऊ मात्र कापड सैल सोडून मापायचा.

एका दुपारी तो गिऱ्हाइकासमोरच बोलून गेला, "दादा, ताणलेलं परत आखडतं रे."

गिऱ्हाईक गेलं. शेठनी शटर ओढलं आणि मला उचललं. पहिला फटका खांद्यावर, दुसरा बरगड्यांवर. धाकटा कापडाच्या ढिगावर पालथा पडला, तरी हात थांबेना. "मला शिकवतोस? मला?" अकराव्या फटक्याला माझी टोपी त्याच्या कण्यावर बसली आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. खालचं पांढरं ठाण लाल झालं.

दवाखान्यात शेठ म्हणाले, "शिडीवरून पडला." धाकट्यानेही तेच सांगितलं. माझी चेपलेली टोपी कोणी पाहिली नाही.

वर्षं गेली, दुकान बसलं. शेठच्या लेकीने त्याच जागेत नवशिक्यांसाठी योगवर्ग काढला. माळ्यावरून मला उतरवलं, पुसलं आणि कामाला लावलं. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पाठीला मला उभं धरायचं. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी मी टेकलो आणि कंबरेमागे तळहात जाईल एवढीच फट राहिली, की कणा जागेवर.

लोक लबाडी किती करतात म्हणून सांगू! डोकं टेकावं म्हणून हनुवटी वर करतात. पायाचे अंगठे धरायला हळूच गुडघे दुमडतात. लेक हसून म्हणते, "मावशी, अंगठे कुठे पळून जात नाहीत. आज नडगीपर्यंत पोचलात ना? मग रोजच्या नोंदीच्या वहीत नडगीच लिहा."

एका सकाळी तिने दोघा भावांना वर्गात आणलं. शेठ कंबरदुखीने बेजार, धाकटा तर कमानीसारखा वाकलेला.

"जोडी करा. बाबा, तुम्ही बसा. काका, गज तुम्ही धरा."

धाकट्याने मला घेतलं. अंगठा चेपलेल्या टोपीवर फिरला आणि तिथेच थांबला. मग तो मला उचलू लागला, खांद्याच्या वर, डोक्याच्याही वर. मला वाटलं, हा बारावा.

समोरच्या आरशात शेठनी ते पाहिलं. दोन्ही हातांनी डोकं झाकून ते किंचाळले, "मारू नको रे! पाठीवर नको!"

लेक जागेवरूनच म्हणाली, "काका... ती शिडी नव्हती ना?"

अंगात होती नव्हती ती ताकद लावून धाकट्याने मला खाली आणलं. शेठच्या खांद्यापासून चार बोटांवर, फरशीवर. टोपी उडाली, मी मधोमध चिरलो. धाकटा धापा टाकत म्हणाला, "नव्हती."

मग तोच चिरलेला मी त्याने भावाच्या पाठीला लावला. "ताठ बस, दादा. पण ताणू नकोस."

शेठ इतके थरथरत होते की मी एका ठिकाणीसुद्धा नीट टेकलो नाही.

आता मी सुतळीने आवळलेला, वर्गातल्या खुंटीला असतो. लेक बाबांशी बोलत नाही. वर्गात येऊ देते, एवढंच. धाकटा रोज येतो, पाठ किती सरळ झाली ते मापतो आणि वहीत लिहितो, "आज अर्धं बोट."

तुमच्याकडे एकच मागणं. हिशोब खरा ठेवा. जेवढे वाकलात तेवढंच मांडा, बोटभरही ताणू नका. आणि तुमच्या हातून दुसऱ्या कोणाची पाठ वाकली असेल, तर ती पहिल्या ओळीत लिहा.