एका वेळी एकच पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पंखा म्हटल्याबरोबर तुम्ही मान वर करून छताकडे पाहिले असेल, सगळेच पाहतात. आता जरा मान खाली करा. मी गाडीच्या पुढच्या जाळीमागे, रेडिएटरला चिकटून बसलेला पंखा आहे. इंजिनात फिरून तापलेले पाणी रेडिएटरमध्ये येते आणि मी बाहेरची हवा ओढून ते थंड करतो. माणसांना वारा घालणे माझ्या नशिबात नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे कितीतरी काळे पंखे ओळीने मांडलेले होते. तपासणाऱ्या माणसाने मला एकदा फिरवून पाहिले, "ओके" म्हणाला आणि शेजारच्याकडे वळला. ते माझे पहिले कौतुक, आणि पुढे बरीच वर्षे तेच शेवटचेही होते.

एका लहान पांढऱ्या गाडीत बसून मी भिलाईला आलो. गाडीचा पहिला मालक स्टील प्लांटमधला साहेब होता. त्याची बदली झाली तेव्हा त्याने ती सेक्टर दोनमधल्या बळीराम मेश्रामांना विकली. बळीराम मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरी प्लांटच्या पंपहाऊसमध्ये. भट्टीला पाणी पुरवणाऱ्या पंपांची देखभाल त्यांच्याकडे होती. तिथे रीत अशी की दोन पंप असले तर एक चालवायचा आणि दुसरा स्टँडबाय, म्हणजे राखीव ठेवायचा. ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरात दोन छत्र्या असल्या तरी दुसरी ते स्टँडबाय म्हणून कपाटावर ठेवत. बायको सिंधुताई भिजत घरी आल्या तरी ती खाली उतरत नसे.

माझे काम फार साधे. गाडी पळत असली की समोरून वारा मिळतो, मग माझी गरज नसते. गाडी हळू चालली किंवा उभी राहिली की पाणी तापते. रेडिएटरवरचा छोटा स्विच मला इशारा देतो आणि मी सुरू होतो. कधीकधी गाडी बंद केल्यावरही मी थोडा वेळ फिरतो, कारण पाणी अजून गरमच असते. पण हे शेजाऱ्यांना कोण सांगणार? ते येऊन म्हणायचे, "मेश्रामजी, गाडी बंद हाय अन् आत काहीतरी चालूनच राहिलं." बळीरामांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. बॅटरी उतरेल, ही त्यांची धास्ती. मी राबत होतो आणि मालकाला माझी भीती वाटत होती.

अशात तो निळा आला.

बळीरामांची आई भागाबाई थकली होती. चार पावले चालली की तिला दम लागायचा, आणि गाडीत बसली की जीव घाबरायचा. तिच्यासाठी बळीरामांनी डॅशबोर्डवर लावायचा एक चिमुकला पंखा आणला. निळी प्लॅस्टिकची पाती, चकचकीत जाळी, आणि मान इकडेतिकडे फिरवायची सोय. पहिल्याच दिवशी सगळे घर गाडीत बसून त्याचा वारा घेऊन आले. सिंधुताई त्याला दर रविवारी ओल्या फडक्याने पुसत. पाहुणा आला की आधी त्याचे तोंड पाहुण्याकडे वळवले जाई, आणि पाहुणाही म्हणे, "वा, काय गार वाटून राहिलं."

माझ्या पात्यांवर चिखल वाळला होता आणि जाळीत मेलेले पतंग अडकले होते. मला कोणी पुसले नाही. खोटे कशाला सांगू, माझा जळफळाट व्हायचा. त्याची घरघर सुरू झाली की मला वाटे, गाडी तापू दे, उकळू दे, म्हणजे यांना कळेल की खरा पंखा कोणता.

पुढे जे झाले ते तर माझ्या जिव्हारीच लागले. बळीरामांनी एका सुट्टीच्या दिवशी माझी वायर तोडून आत नेली आणि डॅशबोर्डखाली एक स्विच बसवला. वर केला की वीज निळ्याला, खाली केला की मला. सिंधुताईंनी विचारले, "दोघंही संगच चालले तर काय होते?" बळीराम अभिमानाने म्हणाले, "एका वेळी एकच पंखा. दुसरा स्टँडबाय. बॅटरीवर लोड नको." अशा रीतीने ज्या घरात मी आधीपासून होतो, त्या घरात मी स्टँडबाय झालो.

थंडीत काही बिघडले नाही. मग एप्रिल आला आणि बाबासाहेबांची जयंती आली.

भागाबाई दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत खुर्सीपार वस्तीतून बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत पायी जायची आणि स्वतःच्या हाताने हार घालायची. या वर्षी पायांनी साथ सोडली होती. ती घरी रडली. "पुढच्या सालचं मले काय माहीत," म्हणाली. बळीरामांनी शब्द दिला की माय, मी तुले गाडीतून नेतो, हार तूच घालशील.

दुपार कलल्यावर मिरवणूक निघाली. पांढऱ्या लुगड्यातली भागाबाई पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर झेंडूचा हार. स्विच वर केलेला. निळा तिच्या तोंडावर वारा घालत होता आणि बाजूने चालणाऱ्या बाया कौतुकाने काचेतून त्याला बघत होत्या. गाडी माणसांच्या पावलांनी चालली होती. डांबर तापलेले, पुढून वारा नाही. पाणी तापत गेले. रेडिएटरवरच्या स्विचने मला इशारा दिला, पण माझ्या वायरीत वीजच नव्हती. मी जागचा हललो नाही.

अर्ध्या वाटेवर बॉनेटखालून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली.

मिरवणूक थांबली. गाडीभोवती प्लांटची माणसे जमली, आणि प्लांटची माणसे जमली की प्रत्येकाचे मत वेगळे. कोणी म्हणाले पाणी संपले, कोणी म्हणाले पंप गेला. एकाने माझ्याकडे बोट दाखवले. "हा पंखा फिरून नाही राहिला. मोटर जळली. कबाडीले देऊन टाका." भोवतीच्या माना हलल्या. त्या क्षणी मला निळ्याचा इतका राग आला म्हणून सांगू. तो आत बसून गार वारा घालत होता आणि भंगारात मी जाणार होतो.

भागाबाई हार धरून बसली होती. पुतळा अजून दूर होता. ती दार उघडून खाली उतरू लागली, तेव्हा बळीरामांनी तिला धरले. तिला बोलतानाही धाप लागत होती.

मिरवणुकीत देवाजी होता. खुर्सीपारला त्याचे गाडीदुरुस्तीचे दुकान. एकजण रेडिएटरचे झाकण उघडायला निघाला होता, त्याचा हात देवाजीने आधी धरला, नाहीतर उकळते पाणी तोंडावर उडाले असते. मग फ्यूज पाहिला, तो चांगला होता. मग माझा प्लग काढला आणि बॅटरीवरून दोन वायरी घेऊन सरळ मला जोडल्या.

मी फिरलो. मित्रांनो, असा फिरलो की वाळका चिखल आणि पतंग सगळे उडून गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पंखा एकदम ठीक हाय," वायरी काढून प्लग परत लावत देवाजी म्हणाला. "याच्यापर्यंत लाईनच येऊन नाही राहिली."

बळीरामांचा चेहरा उतरला. त्यांना कळले होते. ज्या माणसाने जन्मभर भट्टीचे पाणी एक क्षण थांबू दिले नाही, त्यानेच आपल्या गाडीचा पंखा बंद करून ठेवला होता. ते आत वाकले, पण स्विचवरचा हात अडला. आईच्या तोंडावरचा वारा काढून घ्यायचा कसा?

"कावून थांबला रे?" भागाबाईने विचारले.

"माय, दोघांतला एकच चालते. मीच तसं करून ठेवलं."

"मंग त्याले चालू दे. मी एवढे सालं उन्हातच चालली ना? मले काय होते?"

स्विच खाली झाला. निळ्याची पाती हळूहळू थांबली. इंजिन निवल्यावर देवाजीने पाणी भरले आणि गाडी निघाली. मी सारी वाट फिरत राहिलो. बाया खिडकीतून पदराने भागाबाईला वारा घालत चालल्या.

पुतळ्याशी पोचल्यावर बळीरामांनी तिला हात देऊन पायऱ्या चढवल्या. तिने हार घातला, हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. खाली आल्यावर म्हणाली, "तो पंखा दाखव मले."

बळीरामांनी बॉनेट उघडले. मी अजून फिरत होतो. ती जरा पुढे झाली आणि माझा वारा तिच्या तोंडावर गेला. ती मागे सरली.

"लई गरम हाय रे याचा वारा."

"गरमच राहणार, माय. सारी धग त्याच्यावरून जाते."

भागाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अन् याले कोण वारा घालते?"

तिने आपल्या पांढऱ्या पदराचे टोक धरले आणि धाप लागत असतानाही मला दोनतीनदा वारा घातला.

दुसऱ्या दिवशी बळीरामांनी तो स्विच काढून टाकला आणि दोघांना वेगळ्या वायरी दिल्या. मित्रांनो, तुमच्या घरी, गाडीत, शाळेत असे कितीतरी जण पाठीमागे बसून धग सोसत असतात. ते बिघडण्याची वाट पाहू नका. चालू असतानाच कधीतरी झाकण उघडा, एक फडके फिरवा, त्यांची विचारपूस करा. माझे एवढेच मागणे आहे.

आणि भागाबाई मला वारा घालत होती ना, तेव्हा उघडलेल्या बॉनेटखालच्या फटीतून मला समोरची काच दिसत होती. निळा आत थांबून सगळे बघत होता. मला फार बरे वाटले.