एकेचाळीस गेले, त्यातले सात

पळसाची तीनशेसाठ पानं.

मिरकरवाड्याला त्या दिवशी बांगडा नव्हता. सौंदाळे होते.

बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते.

पोफळीच्या वीजघराच्या कार्यालयात पद्मजा रेवाळेने सत्तावीस वर्षं हजेरीपट लिहिला. गैरहजर माणसापुढे लाल फुली.

इराकमध्ये टायग्रिस नदीच्या वळणावर कूत नावाचं गाव आहे. आप्पांनी ते नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही.

ग्रॅनाइटवर चुकीचं अक्षर कोरलं गेलं तर खोडता येत नाही.

देवखोलच्या शाळेसमोर इंग्रजांच्या वेळचा एक दगड आहे. त्यावर लिहिलंय की या गावातून एकेचाळीस माणसं महायुद्धात गेली आणि त्यांतल्या सात जणांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. शंभर वर्षं गावाला त्याचं काही वाटलं नाही. दगडाला टेकून लोक एसटीची वाट बघायचे.

यंदा माजी सैनिक संघटनेने ठरवलं की शेजारी नावांची पाटी लावायची. संघटनेचा अध्यक्ष भिकाजी, निवृत्त सुभेदार. ज्या पलटणीतून ती एकेचाळीस माणसं गेली तिच्यातच त्याने अठ्ठावीस वर्षं काढलेली. नावं जमवायचं काम त्याने पद्मजाकडे दिलं. ती निवृत्त होऊन म्हाताऱ्या वडिलांजवळ, आप्पांजवळ, गावी राहायला आली होती, लग्न केलेलं नव्हतं आणि तिचं अक्षर चांगलं होतं.

तिने घरोघर फिरून एकेचाळीस नावं जमवली. चाळिसांना अडचण नव्हती. एकेचाळिसावा तिचा स्वतःचा आजा होता, सखाराम रेवाळे.

सखाराम कूतला तुर्कांच्या हाती सापडला. घरी कागद आला, 'बेपत्ता'. मग पलटणीतला एकजण सुट्टीवर आला आणि म्हणाला, वाळवंटात पडलेला मी डोळ्यांनी बघितला. रेवाळ्यांनी पळसाच्या तीनशेसाठ पानांचा माणूस केला, त्याला अग्नी दिला, तेरावं केलं. सखारामची बायको पुढे पाट लावून दुसऱ्या घरी गेली.

एकोणीसशे एकवीस साली सखाराम चालत आला.

गावाने त्याला पऱ्याच्या, वेशीवरच्या ओढ्याच्या, पलीकडेच थांबवलं. ज्याचं तेरावं झालं त्याला उंबऱ्याच्या आत कसं घेणार? अकरा दिवस तो शेतातल्या मांगरात राहिला, भाकरी दगडावर ठेवून माणसं मागे सरकत. शेवटी उपाध्यांना पोथीत वाट सापडली. त्याला पुन्हा जन्माला घालायचा. मिशा असलेला सत्तावीस वर्षांचा माणूस दुपट्यात गुंडाळून आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून निजला आणि काशीआत्याने त्याच्या कानात नवं नाव सांगितलं. धोंडू. मरणाने परत फिरून बघू नये असं नाव. पुढे मामलेदाराने विचारलं, युद्धात मेले किती? पोलीस पाटलाने बोटं मोजली. सात. धोंडू समोर उभा होता. तो त्या सातांतला होता असं कुणालाच वाटलं नाही, कारण सखाराम तर मेलाच होता.

धोंडूने दुसरं लग्न केलं. एकोणीसशे छत्तीस साली आप्पा झाले.

आप्पांना आता एकोणनव्वदावं लागलंय. शाळेत त्यांना पोरं 'मेलेल्याचा' म्हणायची. पद्मजाने नावं गोळा करायला घेतली तेव्हा त्यांनी एकच मागितलं.

"बापूस गेला नि परत आला. परत आलेल्यांत लिव. मी हाय तवर."

"लिहिते," पद्मजा म्हणाली.

"नक्की गो?"

"नक्की."

भिकाजीच्या पडवीत कागद पसरून बसल्यावर ते तितकं सोपं राहिलं नाही.

"पद्माबाय, सखाराम पलटणीत होता. कागद आलाय सेंटरवरनं, बेपत्ता, मृत समजावा. बरोबर?"

"बरोबर."

"नि धोंडू रेवाळे? तो कदी भरती झाला?"

"दादा, ते एकच. तुम्हाला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला माहीत हाय गो. कागदाला नाय. तुज्या बापाच्या दाखल्यावर बापाचं नाव काय? धोंडू. सखारामाला पोर झालं असा कागद दाखव, आत्ता खोडतो."

"मग दोन्ही लिहा. सखाराम गेलेल्यांत, धोंडू परत आलेल्यांत."

"म्हंजे बेचाळीस." भिकाजी हसला. "एक जादा माणूस तुजा आजा पलटणीत चोरून घुसवणार. नि सात खोडून सहा केले तर शेजारचा दगड काय सांगेल? उद्घाटनाला कर्नलसाहेब येणार. ते पहिलं दगड वाचतील, मग पाटी. पलटणीत आम्ही एक शिकलो, मोजणी जमली नाय तर परेड सुटत नाय."

भिकाजीची बायको आतून म्हणाली, "अवो, म्हातारा किती दिवसांचा? लिवा की."

"म्हाताऱ्यासाठी काय दगड फोडू?"

पद्मजाने कागद गोळा केले. तिला राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली. चहा आला, तो प्यायली.

पाटी रत्नागिरीला, नितेश नावाच्या कोरणाऱ्या पोराच्या वर्कशॉपमध्ये होणार होती. यादी तिच्याच हाताने जाणार होती. तिने सखाराम खाली, परत आलेल्यांत, सरकवला असता तर भिकाजीला कळलंही नसतं, पडदा उघडेपर्यंत. आठ दिवस ती यादी दोन तऱ्हांनी लिहीत राहिली. सात आणि चौतीस. सहा आणि पस्तीस. शेवटी सात आणि चौतीसची पाठवली. नमुना बघून मग बदलू, असं स्वतःला सांगितलं.

नमुना फोनवर आला तेव्हा ती मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घेत होती. समोरची बाई सौंदाळ्यांची खवलं काढत होती. फोनला ओला अंगठा लागला म्हणून तिने तो पदराला पुसला. काळी पाटी, सोनेरी अक्षरं. वर सात. सातवा, सखाराम रेवाळे.

'मॅडम ओके ना? मशीनला लावतो.'

"ताई, डोकी ठेवू की काढू?" बाईने विचारलं.

"काढा."

तिने ओके लिहिलं.

घरी आप्पांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

कुठल्या बाजूला, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांचा तिच्यावर विश्वास होता.

रविवारी सकाळी दहाला पडदा उघडला. कर्नलसाहेबांनी आधी दगड वाचला, मग पाटी. भिकाजी म्हणाला होता तसंच. मग त्याने छाती काढून सातांची नावं वाचली. आप्पा पुढच्या खुर्चीवर होते, डोक्यावर टोपी, नवीन धोतर. सखारामचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान थोडी तिरकी केली, दुरून कुणी हाक मारल्यावर करतात तशी. पुढे भिकाजीने चौतीस नावं वाचली. आप्पा शेवटपर्यंत ऐकत राहिले. चौतिसावं नाव संपल्यावरही ऐकत राहिले.

पद्मजा त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. अंगणात आल्यावर आप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले.

"पाणी तापव."

"सकाळी अंघोळ झाली आप्पा."

"बापूस मेला. तसाच आत येऊ?"

तिने पाणी तापवलं. त्यांनी धोतरानिशी मागच्या चिऱ्यावर बसून डोक्यावरून घेतलं. तिलाही घ्यायला लावलं. देव्हाऱ्यात दिवा लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी भिकाजी पेजेचं भांडं घेऊन आला. सुतकाच्या घरी चूल पेटवायला लावत नाहीत. पडवीत बाहेरच टेकला.

"आप्पा, हे काय चालवलाव? धोंडूआजाला जाऊन साठावर वर्षं झाली. तुमीच खांदा दिलात."

"धोंडूला दिला. त्याचं तवाच फिटलं."

"मग?"

"सखारामाचं रविवारी कळलं. कळलं त्या दिवसापासनं धरायचं. रीत हाय."

भिकाजीने टोपी काढली. ती गुडघ्यावर ठेवली.

"पाटी बदलू या," तो म्हणाला. "मी बोलतो कर्नलसाहेबांशी. सहा तर सहा."

"मेल्यावर?" आप्पा म्हणाले. "आता कशाला."

पद्मजा दारात उभी होती. ओके मी लिहिलं, हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि भांड्याकडे बोट केलं.

"पेज निवते. वाढ."

तिने वाढली.

दहाव्या दिवशी आप्पांनी डोकं भादरून घेतलं. पऱ्यापर्यंत चालवेना म्हणून पद्मजाने कळशीने तिथलं पाणी आणलं आणि त्यांच्या डोक्यावर ओतलं. पाणी गार होतं. त्यांच्या मानेवर पांढरे केस चिकटले होते, ते तिने बोटांनी काढले. रडू येईल असं वाटून तिने कळशी रिकामी झाल्यावरही थोडी तिरकी धरून ठेवली. नाही आलं.

"संपलं?" आप्पांनी विचारलं.

"संपलं."

सेंटरवरनं आलेल्या कागदावर आणखी एक नोंद होती: एकोणीसशे तेरा साली, भरतीच्या दिवशी, सखाराम रेवाळेची उंची पाच फूट चार इंच भरली.